गाव्रिलची कवळी

माझा थोरला दीर गाव्रिल मेला तेव्हा त्याच्या तोंडात दात नव्हते, आणि पुरला तेव्हाही नव्हते. यात चूक कुणाची म्हणाल तर थोडी माझीही आहे. त्याला शेवटची आंघोळ घालणाऱ्या तिघीजणींत मी होते.

संत पेत्रूचा सण दोन दिवसांवर आलेला. गवतकापणीचे दिवस, सगळं गाव उतारावर. गाव्रिल सकाळपासून वरच्या पट्ट्यात एकटाच कापत होता. दुपारी नासपतीच्या झाडाखाली टेकला तो उठलाच नाही. माझा नवरा नुत्सू आणि आणखी दोघांनी त्याला गवताच्या गाडीवर घालून घरी आणला. आम्ही त्याला धुतलं, दाढी केली, सणाचा सदरा चढवला. सगळं नीट दिसत होतं, तोंड तेवढं आत ओढलं गेलेलं.

मी म्हटलं, "जाऊबाई, कवळी कुठाय?"

"कोटात असेल. तिथंच ठेवतो," तोदोसिया म्हणाली. ती भिंतीशी बसली होती, माझ्याकडे बघतही नव्हती.

कोटात नव्हती. विजारीत नव्हती, फळीवर नव्हती. नुत्सू दाताळं घेऊन वर गेला आणि नासपतीखालचं गवत अर्धा दिवस विंचरत बसला. भर हंगामात असा अर्धा दिवस घालवणारा माणूस माझ्याच नशिबी. हाती काही लागलं नाही. मढं काही दातांसाठी थांबत नाही. मी हनुवटीखालून रुमाल बांधला, तिसऱ्या दिवशी माती दिली.

त्या कवळीचं आणि गाव्रिलचं कधी जमलंच नाही. अकरा वर्षांपूर्वी लेकीच्या, लिआनाच्या लग्नासाठी त्यानं ती शहरातून करून आणली. फोटोत बोळकं दिसायला नको म्हणून. लग्नापुरती बरी बसली. पुढं हिरड्या आक्रसल्या आणि वरची पडायला लागली, खालची तरंगायला लागली. लिआना म्हणाली, "बाबा, परत जा, बसवून देतात." एकदा गेला. त्या माणसानं घासून दिली, महिनाभरात पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दुसऱ्यांदा जायचं नाव काढलं तर म्हणाला, "परक्यापुढं आ वासून बसायला मी काय बाजारातला घोडा आहे?" झालं. घरी जेवताना काढायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचा. बायकोसमोरसुद्धा. देवळात आणि बाजारात मात्र घातल्याशिवाय जायचा नाही. बोलायचा तेवढ्यापुरतं, आणि तेही ओठ न हलवता. आम्ही म्हणायचो, लेक इटलीला गेल्यापासून याला शिंगं फुटलीत.

मेलेल्या माणसामागं चाळिसाव्या दिवशी आमच्याकडे त्याच्या वस्तू दान करतात. इथं जे दिलं जातं तेच त्याला तिथं मिळतं. म्हणून टोपी देतात, बूट देतात, घोंगडी, ताट, चमचा, पाण्याची बादली, सगळं देतात. ज्याला द्यायचं तो गेलेल्याच्या वयाचा असावा, बाईचं बाईला, पुरुषाचं पुरुषाला. घेणाऱ्यानं वस्तू तिथल्या तिथं वापरायची, टोपी असेल तर डोक्यावर घालायची, आणि मोठ्यानं म्हणायचं, "त्याला पोचो." हे म्हटलं की पोचलं. तोदोसियानं यातलं एकही चुकवलं नाही. खुर्चीसुद्धा दिली. संध्याकाळी पायऱ्यांवर बसून मला म्हणाली, "आता त्याचं सगळं त्याच्यापाशी आहे गं." मला बरं वाटलं. बाई जरा हलकी झाली होती.

मग आली गवताची दुसरी कापणी. नुत्सूनं दोन्ही घरांचं गवत अंगावर घेतलं. त्याचं निसण्याचं शिंग फुटलेलं, म्हणून त्यानं गाव्रिलचं घेतलं, त्या दिवशी विळ्याबरोबर वरून आणून कोठीतल्या खिळ्यावर टांगलेलं. बैलाचं पोकळ शिंग, कमरेला लटकवायचं, आत पाणी आणि धार लावायचा दगड. त्यानं पाणी भरलं, काहीतरी खुळखुळलं, उलटं केलं, तर हातावर कवळी, वरची नि खालची दोन्ही.

तो ती टोपीत घालून खाली घेऊन आला, लहान पक्षी पकडून आणावा तसा. आम्ही दोघी अंगणात दाताळ्यांना दांडे बसवत होतो.

"शिंगात होती," नुत्सू म्हणाला. "मी म्हणायचो, हा दगड शिंगात का ठेवत नाही, कमरेच्या पट्ट्यात का खोचतो. मला वाटायचं खोडच आहे त्याची."

मग समजलं. वाकून विळा फिरवायचा तर तोंडानं श्वास घ्यावा लागतो, आणि ती मेली तोंडात नाचायची. म्हणून शिंगाच्या पाण्यात टाकायचा आणि गावात शिरण्याआधी पुन्हा घालायचा. कुणी बघू नये म्हणून वरचा पट्टा एकटाच कापायचा. आम्ही म्हणायचो, एकलकोंडा.

तोदोसियानं कवळी हातात घेतली. दातांवर पांढरी खर चढली होती. तिनं ती पदराला पुसली, पुन्हा पुसली, आणि एवढंच म्हणाली, "म्हणून."

"म्हणून काय, जाऊबाई?"

"म्हणून जेवत नाही तो. रोज स्वप्नात येतो. टेबलाच्या टोकाला बसलेला असतो, पुढं मांस असतं, पाव असतो, आणि तो ताट नुसतं फिरवत बसतो. मी म्हणायचे, माझ्या हातचं नाही म्हणून खात नसेल."

मी हसण्यावारी नेलं. इथंच माझं चुकलं. तिसऱ्या दिवशी वर पट्ट्यात न्याहारीला बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती खारवलेल्या चरबीला हात लावत नाही. कांदाही नाही. पाव दुधात बुडवते, पार लगदा होऊ देते आणि गिळते. साठीला टेकलेली, पण बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेली बाई. अक्रोड दातांनी फोडायची, माझ्या पोरांना फोडून द्यायची.

"दात दुखतोय का?"

"नाही."

"मग चाव की."

"तो तिथं चावू शकत नाही, रफिला. मी इथं कशी चावू?"

मी चिडले. मला राग आला की मी जास्त बोलते. म्हटलं, जिवंतपणी भिंतीकडे तोंड करून जेवत होता तेव्हा तू त्याच्यासमोर कोंबडीची हाडं फोडत होतीस, तेव्हा नाही वाटलं काही? ती म्हणाली, "नाही वाटलं. आता वाटतंय." आणि उठून दाताळं घेऊन गेली.

रविवारी इटलीहून लिआनाचा फोन आला. ती तिथं म्हाताऱ्यांची देखभाल करते. फोन मोठ्या आवाजावर होता, मीही ऐकत होते. "आई, टाकून दे ती," लिआना म्हणाली. "इथं मी रोज दोन म्हाताऱ्यांच्या कवळ्या धुते. कवळी म्हणजे प्लास्टिक, दुसरं काही नाही."

"तुझ्या बापाचे दात आहेत ते."

"बाबांना तरी कुठं आवडायचे?"

तोदोसियानं फोन माझ्या हातात दिला आणि गाईकडे निघून गेली.

मग आम्ही पाद्रीबुवांकडे गेलो. चांगला माणूस आहे, तरुण आहे, जरा घाईतला. तोदोसिया म्हणाली, कबर उघडा, मी स्वतः तोंडात ठेवते. ते म्हणाले, सात वर्षांच्या आत कबर उघडत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. आणि देवाच्या घरी दात लागत नाहीत. ती म्हणाली, मग बूट लागतात का? चाळिसाव्याला बूट दिले तेव्हा तुम्हीच धूप फिरवलात. पाद्रीबुवा झग्याची गुंडी लावायला लागले. मी मनात म्हटलं, बाईनं बरोबर पकडलं.

परत येताना वाटेत ती दोनदा थांबली. दम लागत होता. तिच्या घागऱ्याचा पट्टा दोन बोटं आत गेलेला मला दिसला आणि मी घाबरले. त्या भीतीपोटीच माझ्या तोंडून निघून गेलं. माझ्या जिभेला हाड नाहीच.

"मग दे की दान त्याचेही दात. टोपी दिलीस, बूट दिलेस, दात तेवढे का ठेवतेस? बघ गावात कुणाचं बोळकं रिकामं आहे."

मी टोमणा मारला होता. ती रस्त्यातच उभी राहिली. "पुरुषच हवा," ती म्हणाली. "त्याच्या वयाचा. दात नसलेला." आणि दोघींच्याही मनात एकाच वेळी एकच नाव आलं, कारण गावात दुसरं होतंच कुणी नाही.

ओनिसिम आणि गाव्रिल एका वर्षाचे. लष्करात एकत्र, कापणीला शेजारी शेजारी, एकाचा विळा बोथट झाला तर दुसऱ्यानं धार लावून द्यायची. पुढं नऊ वर्षं दोघांत अवाक्षर नाही. तोदोसिया समजत होती भांडण जमिनीचं. वरच्या पट्ट्याची हद्द मोजली तेव्हा तीन पावलांची पट्टी ओनिसिमकडे गेली होती.

आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात ओंडक्यावर बसून विळ्याचं पातं धारेसाठी हातोडीनं ठोकत होता. गाल आत, नाक हनुवटीला भेटायला आलेलं. तोदोसियानं नव्या रुमालात कवळी बांधून आणली होती, सोबत मेणबत्ती. तिनं सांगितलं कशासाठी आलो ते. तो ठोकत राहिला. टक, टक, टक. मग हातोडी ठेवली.

"त्याचे दात मी माझ्या तोंडात घालू?"

"एकदाच, ओनिसिमदादा. घालायचे, 'त्याला पोचो' म्हणायचं, चार घास खायचे. मग विहिरीत टाकलेस तरी चालेल."

"माझी पलागिया गेली तेव्हा तू आली होतीस, तोदोसिया?"

"लिआनाकडे होते मी. तिला पहिलं बाळ झालं होतं. गाव्रिल आला होता की."

"आला होता." त्यानं पातं उन्हात धरलं, धार बघितली. "आख्खं गाव आलं. एकेकजण माझ्यासमोर येऊन म्हणत होता, 'देव तिला क्षमा करो.' शत्रूसुद्धा म्हणतो. हा आला. नवा सदरा, दात घातलेले, केस पाणी लावून बसवलेले. माझ्यासमोर उभा राहिला. आणि बोलला नाही. ओठ घट्ट दाबून उभा. मी वाट बघतोय. याच्या ओठांचे कोपरे थरथरायला लागले. हसू दाबत होता तो. त्याची तीन पावलं जमीन माझ्याकडे गेली होती ना, आता माझी बायको मेली म्हणून आतल्या आत हसत होता. तसाच वळला आणि निघून गेला."

"मला म्हणाला, मी बोललो," तोदोसिया हळूच म्हणाली.

"चाळीस माणसं साक्षीला आहेत. विचार जा."

मी त्या चाळिसांत होते. मी बघितलं होतं. तोदोसियाला मी कधी सांगितलं नव्हतं, घरातलं माणूस म्हणून झाकून ठेवलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी कोंबड्यांकडे बघायला लागले.

तिनं रुमालाची गाठ पुन्हा आवळली. शेवटी म्हणाली, "त्याला शिव्या दे. मला दे. पण तो उपाशी आहे रे."

"असू दे," ओनिसिम म्हणाला आणि हातोडी उचलली.

सगळ्या रस्त्यानं ती माझ्या पुढं चालली. फाटकाशी एवढंच म्हणाली, "नऊ वर्षं तुला माहीत होतं." माहीत होतं.

कामं काही कुणासाठी थांबत नाहीत. बटाटे काढले. आलुबुखार गोळा करून दारूसाठी पिंपात घातले. तोदोसिया सगळ्याला यायची, पण टोपली अर्धीच भरायची आणि मधेच मातीवर बसायची. मी मुद्दाम तिच्यासाठी बरगड्या भाजून न्यायचे, तिखट मिठाच्या, सुटलेल्या वासानं कुत्री मागं यायची. ती मला म्हणायची, "ठेव तिथं." दुसऱ्या दिवशी कुत्री जाड झालेली आणि ती आणखी वाळलेली. दुधात कालवलेला मक्याचा सांजा तेवढा घशाखाली जायचा. दात हलायला लागलेत म्हणाली एकदा, आणि त्यात तिला समाधान वाटल्यासारखं दिसलं. त्या दिवशी मी घरी येऊन रडले. नुत्सूनं विचारलं काय झालं, मी म्हटलं कांदा चिरतेय. समोर कांदा नव्हता.

सप्टेंबरच्या मध्याला गंजी रचायला घेतल्या. जमिनीत उंच खांब रोवायचा आणि त्याच्याभोवती गवत टाकत जायचं. खालून पुरुष लांब दांड्याच्या काट्यानं गवत वर फेकतो, वर एक बाई उभी राहून खांबाला धरून गोल गोल तुडवते. मी म्हटलं, मी चढते. तोदोसिया ऐकेना. तिच्या हातची गंजी कधी कलली नाही, याचा तिला फार अभिमान. गंजी दोन पुरुष उंच झाली होती. नुत्सूनं काटा वर केला आणि बघितलं तर वर कुणी नाही. ती पलीकडच्या बाजूनं घसरत खाली आली होती. आवाजही झाला नाही.

पलीकडची बाजू म्हणजे ओनिसिमचा पट्टा. आम्ही वळसा घालून पोचेपर्यंत त्यानं तिला उचललं होतं. म्हातारा, सत्तरीच्या घरातला, आणि तिला हातांवर आडवी घेऊन उभा. डोळे उघडे होते तिचे. लाज वाटत होती तिला, परक्या पुरुषाच्या हातावर, घागरा गुडघ्यापर्यंत चढलेला. ओनिसिमनं तिला गवतावर ठेवलं, घागरा नीट केला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"हिच्या अंगात काही उरलंच नाही," तो मला म्हणाला. "खात नाही का ही?"

"चावत नाही. तो तिथं चावत नाही म्हणून ही इथं चावत नाही. तू घेतले नाहीस ना दात."

"माझ्यावर ढकलू नकोस."

"मग कुणावर ढकलू? तू मोठा मानी, तो मोठा मानी. मरतेय ती मधल्या मधे."

तो टोपी उचलून निघाला. चार पावलं गेल्यावर पाठमोराच म्हणाला, "त्याचं तीन महिन्यांचं जेवण कधी आहे?"

"येत्या रविवारचा पुढचा."

"हं," म्हणाला आणि गेला.

तीन महिन्यांच्या जेवणाला आम्ही अंगणात दोन टेबलं जोडली. उकडलेल्या गव्हाचा गोड पदार्थ केला, कोबीत गुंडाळलेलं मांस केलं, वेणीचे पाव भाजले, दोन कोंबड्या. देवळातून वीसएक माणसं आली. ओनिसिम शेवटी आला. पांढरा सदरा, छोटी गवती टोपी हातात. नऊ वर्षांत त्यानं त्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं.

तोदोसियानं आदल्या दिवशी कवळी ब्रशनं घासली होती, आलुबुखाराच्या दारूत बुडवून ठेवली होती, मग झऱ्याच्या पाण्यानं धुतली होती. तिनं ती विणलेल्या टॉवेलवर ठेवली, मेणबत्ती पेटवली, आणि रीतीप्रमाणे टेबलावरून पलीकडे धरली. "घे, ओनिसिम. गाव्रिलसाठी."

कुणीतरी तोंडाशी हात नेला. पाद्रीबुवा ताटाकडे बघत होते.

ओनिसिमनं मेणबत्ती डाव्या हातात घेतली. वरची कवळी उचलली, दोन अंगठ्यांनी आत ढकलली. मग खालची. त्याचा चेहराच बदलला. गाल भरले, ओठ पुढं आले, दहा वर्षांनी तरणा दिसायला लागला. आता त्यानं म्हणायचं होतं, "त्याला पोचो." एवढे दोन शब्द.

तो म्हणेना.

ओठ दाबून उभा राहिला. तोदोसिया वाट बघत होती. मेणबत्तीचं मेण त्याच्या हातावर ओघळत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. मी मनात म्हटलं, मेल्या, सूड घ्यायला आलास होय इथं, तिच्या ताटावर? त्याच्या ओठांचे कोपरे थरथरायला लागले. टेबलाच्या टोकाला एकजण खुदकन हसला. नुत्सू खुर्ची मागं सारून उठला, ओनिसिमला फाटकाबाहेर काढायला.

मग ओनिसिमनं तोंड उघडायचा प्रयत्न केला. किंचितच. वरची कवळी खटकन खाली आली, त्यानं ती ओठांनी अडवली आणि पुन्हा ओठ मिटून घेतले. डोळे मोठे झाले होते त्याचे. गळ्याची घाटी वरखाली होत होती. मी त्या तोंडाकडे बघितलं, आणि ते तोंड गाव्रिलचं होतं. देवळातलं, बाजारातलं, पलागियाच्या शवपेटीपुढलं. ती थरथर दात धरून ठेवण्याची होती. गाव्रिल बोलायला गेला असता तर दात पलागियाच्या अंगावर पडले असते.

"थांब," मी नुत्सूला म्हटलं. "बस खाली."

ओनिसिमनं दोन्ही कवळ्या काढून तळहातावर घेतल्या. अंगठ्यानं त्यांच्यावरची लाळ पुसली.

"त्याला बोलता येत नव्हतं, तोदोसिया," तो म्हणाला. तोंड पुन्हा आत गेलं होतं, शब्द फुसफुसत बाहेर येत होते, पण सगळ्यांना ऐकू गेले. "म्हणायचं होतं त्याला. माझ्यासमोर उभा राहून म्हणायला बघत होता. आणि मी नऊ वर्षं त्याच्या गवतावर थुंकत आलो."

पाद्रीबुवांनी ताटावरून मान वर केली.

"मग घातलीच कशाला?" ओनिसिमचा आवाज चढला, जणू गाव्रिल समोरच बसला होता. "खिशात ठेवायची. बोळक्यानं म्हटलं असतं तरी मला पोचलं असतं. माझ्यासमोर कसली लाज? माझ्या तोंडात तरी कुठं दात होते?"

तोदोसियानं टेबलाचा काठ धरला. "तुझ्यासाठी नाही घातली," ती म्हणाली. "पलागियासाठी घातली. तिच्यापुढं बोळकं घेऊन कसा जाऊ, मला फोनवर म्हणाला होता. मान म्हणून घातली होती त्यानं."

ओनिसिम खाली बसला. मेणबत्ती मी त्याच्या हातातून काढून पावात खोचली. त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग दात नसलेल्या तोंडानंच, हळू आणि स्पष्ट म्हणाला, "त्याला पोचो. देव त्याला क्षमा करो. मलाही करो."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पाद्रीबुवा मान हलवत होते, पुरे म्हणून. पण ओनिसिमनं कवळ्या पुन्हा तोंडात घातल्या. वेणीचा पाव पुढं ओढला, मऊ बाजू नव्हे, वरची भाजलेली कडा तोडली, अंगठ्यानं वरची कवळी टाळूला दाबून धरली आणि चावायला लागला. खट, खट. अंगणात तेवढाच आवाज. दात एकीकडे जात होते, घास दुसरीकडे. हनुवटीवरून लाळ ओघळत होती, मग तिच्यात थोडं लाल दिसलं. हिरड्या सोलल्या असणार. पाव संपवला. मग कोंबडीचा तुकडा घेतला. कुणीही हसलं नाही. जो मघाशी हसला होता तो ताटात डोकं घालून बसला होता.

तोदोसिया उभ्यानं बघत होती. त्याच्या जबड्याबरोबर तिचा जबडा हलत होता, पोराला भरवणाऱ्या आईचा हलतो तसा. त्यानं घास गिळला की ती गिळायची. असे सातआठ घास झाले असतील.

"चावतोय," ती मला म्हणाली. "रफिला, बघ, चावतोय तो."

"बघतेय मी. तू बस आता."

ती बसली. मी तिच्यापुढं कोंबडीची तंगडी ठेवली आणि दुसरीकडे बघायला लागले, कारण बघत राहिले असते तर तिनं खाल्लं नसतं.